एका पैची चूक: देवाकडे शहाणपण मागायचं कसं आणि कामात उतरवायचं कसं

आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा एक पोरगा आहे, तेवीस-चोवीस वर्षांचा. मागच्या एकादशीला भजन आटोपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "काका, देवाकडे सद्बुद्धी माग असं सगळे म्हणतात. पण मागायची म्हणजे नेमकं करायचं काय?" प्रश्न रास्त होता. योगेश्वरीच्या देवळात ओटी भरणाऱ्यांच्या रांगेत पाऊस, लेकरू, नोकरी, निकाल हे सगळं मागणारी माणसं भेटतात. शहाणपण मागणारं कोणी क्वचितच, कारण ते आपल्यापाशी पुरेसं आहे अशी ज्याची त्याची खात्री असते. माझीही होती.

मी अंबाजोगाईत राहतो. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या छपाईचं दुकान आहे, गावाकडे भावासोबत सामाईक शेती आहे आणि रात्री मंडळासाठी भारुडं लिहितो. मी कीर्तनकार नाही, कोणाचा गुरू तर मुळीच नाही. त्या पोराला देवळाच्या पायरीवर बसून जे सांगितलं, आणि घाईत जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितोय. निम्मं पोथीतून आलेलं आहे, निम्मं ठेच लागून.

आधी प्रश्न वहीत उतरवा

जालन्याचे माझे एक ख्रिस्ती मित्र शलमोन राजाची गोष्ट नेहमी सांगतात. देव स्वप्नात येऊन म्हणतो, हवं ते माग. राजा नवाच, राज्य मोठं. तो धन मागत नाही, दीर्घायुष्य मागत नाही, शत्रूचा जीवही मागत नाही. लोकांचा न्याय करता यावा, बरंवाईट ओळखता यावं, असं मन मागतो. मला या गोष्टीत आवडतं ते हे की त्याच्या मागण्यात काम आहे. नुसतं "मला शहाणा कर" नाही. अमुक काम माझ्यावर पडलंय, ते मला झेपत नाही, त्यासाठी समज दे, असं ते मागणं आहे.

म्हणून पहिली पायरी साधी आहे. दोनशे पानी वही घ्या, उजव्या पानावर वर तारीख टाका आणि खाली एका ओळीत प्रश्न लिहा. एकाच ओळीत. दोन ओळी लागल्या तर समजा की प्रश्न दोन आहेत. डावं पान कोरं ठेवा, ते पुढे लागतं. हाच प्रश्न सात दिवस रोज सकाळी नव्यानं लिहायचा. कालचा बघून उतरवायचा नाही, आठवून लिहायचा.

हे का करायचं ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो. आमच्या शेतात दोन बोअर कोरडे गेलेले. भावाला तिसरा घ्यायचा होता. मी वहीत लिहिलं, "तिसरा बोअर घ्यावा का?" तिसऱ्या दिवशी हातून आपोआप लिहिलं गेलं, "तिसऱ्या बोअरला पैसा कुठून आणायचा?" पाचव्या दिवशी लिहिलं, "दोन एकर ऊस ठेवायचाच का?" तिथे पेन थांबला. पाण्याचा प्रश्न मुळात उसाचा होता, आणि ऊस मोडायचा म्हणजे चारचौघांत "यांचा ऊस गेला" असं ऐकून घ्यायचं, ही खरी अडचण होती. देवानं उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही. प्रश्न मात्र त्यानं दुरुस्त करून दिला, असं मला आजही वाटतं.

वेळ, जागा आणि दहा ओव्या

यात फार सांगण्यासारखं नाही. पहाटे, काकड्याच्या वेळेला, वीस मिनिटं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. देवघर असेल तर देवघरापुढे, नसेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. नंतर चहा.

वाचायचं काय, हे लोक हमखास विचारतात. ज्ञानेश्वरी घरात असेल तर ती घ्या. सगळी मिळून साधारण नऊ हजार ओव्या आहेत. रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षं लागतात. घाबरायला होत असेल तर बाराव्या अध्यायापासून सुरुवात करा, तो अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, म्हणजे पंचवीस दिवसांचं काम. ज्यांच्या घरात बायबल आहे त्यांनी नीतिसूत्रे उघडावं. त्याचे एकतीस अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक. ग्रंथ कोणताही असो, वाचताना आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधू नका. पोथी म्हणजे कौल लावायची जागा नव्हे. डोळे मिटून पान उघडायचं आणि ज्या ओवीवर बोट पडेल ती आज्ञा मानायची, हा प्रकार मी करून पाहिलाय. बोट नेहमी आपल्याला हव्या त्याच ओवीवर पडतं, किंवा तसं पडेपर्यंत आपण पानं उघडत राहतो.

वाचून झालं की पाच मिनिटं गप्प बसायचं. या पाच मिनिटांत दुकानाची उधारी आठवते, पाठ दुखते, कोणी केलेला अपमान आठवतो. आठवू द्या. जे तीन दिवस सलग आठवतं ते डाव्या पानावर टिपून ठेवा.

रात्रीचा जमाखर्च

सकाळी मागितलं ते कामात उतरलं का, हे रात्री कळतं. इथे मला पैठणच्या नाथांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे होते. स्वामी किल्लेदार, हिशेबाचं काम नाथांकडे. एका रात्री एका पैचा ताळा लागेना. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळत बसले. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजली आणि गुरू जागे झाले. ते म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल!

ही गोष्ट कीर्तनात नेहमी शेवटच्या वाक्यासाठी सांगतात. मला त्यातली रात्र महत्त्वाची वाटते. पुढे भागवत धर्माचा एवढा मोठा डोलारा उभा करणाऱ्या माणसाची तयारी जमाखर्चाच्या वहीत झाली. ध्यान आधी त्या आकड्यांवर लागलं.

तर रोज रात्री, जेवणानंतर, दहा मिनिटं. उजव्या पानाच्या तळाशी तीनच नोंदी करायच्या. आज कुठे घाई केली. आज कुठे माहीत असून गप्प बसलो. आज कोणाचं भलं सहज करता आलं असतं आणि केलं नाही. दिवसभराचं पुराण लिहायचं नाही. एक पै शोधायची.

एकदा एका क्लासवाल्यानं बॅनर करायला दिलं: शंभर टक्के निकाल. नापास होतील असं वाटणाऱ्या पोरांना त्यानं परीक्षेआधीच यादीतून काढलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी बॅनर केलं, रंगही झकास जमले. रात्री दुसऱ्या नोंदीपाशी हात अडला. "माहीत असून गप्प." पुढच्या वर्षी तोच माणूस आला तेव्हा म्हणालो, परीक्षेला बसलेले किती आणि पास किती, हे आकडे टाकू, डिझाइन मी असं करतो की लोक थांबून बघतील. तो समोरच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, परत आलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण शहाणपणानं वागलं की धंदा वाढतो असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. माझा वाढला नाही.

मडकं थापटून घ्या

आता सगळ्यात अवघड पायरी. एकांतात बसून मिळालेली समज कच्ची असते, कारण तिथे आपल्याला अडवणारं कोणी नसतं.

तेरचे गोरोबाकाका. संत त्यांच्या घरी जमले होते. मुक्ताईनं थापटणं दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमची मडकी बघा की! काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले, नामदेव मात्र चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. रुसलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, तर विठ्ठलानंही तेच सांगितलं आणि विसोबा खेचरांकडे धाडलं. परंपरा सांगते की औंढ्या नागनाथाला नामदेवांना विसोबा दिसले ते पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव.

नर्सीचे नामदेव, तेरचे गोरोबा, औंढ्याचं देऊळ. सगळं आपल्याच मुलखातलं, एसटीनं दिवसभरात पालथं घालता येईल एवढं. पण मला थांबवतं ते वेगळंच. देव नामदेवांशी बोलत होता, त्यांच्या हातचं जेवत होता, आणि तरी त्यांना माणसाकडे पाठवावं लागलं. देवानं थापटायचं काम स्वतः केलं नाही, कुंभारावर सोपवलं.

तुमचा कुंभार कसा निवडायचा? मी तीन माणसं धरतो. एक, त्या विषयातलं कळणारा. दोन, माझ्या निर्णयाचे चटके ज्याला बसणार तो. तीन, ज्याला माझी भीड नाही असा. चौथा नको, चार माणसांना विचारलं की त्यातला सोयीचा तेवढा निवडता येतो. विचारताना "बरोबर आहे ना?" असं विचारू नका, त्याला लोक "हो" म्हणूनच सुटका करून घेतात. "यात मी स्वतःला कुठे फसवायलोय?" असं विचारा. समोरचा बोलत असताना खुलासा करायचा नाही. फक्त लिहून घ्यायचं. उत्तर द्यायचंच असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्या. पहिल्याच क्षणी ज्या वाक्यानं कानशिलं तापली त्याखाली रेघ मारा.

माझ्या बाबतीत थापटणं बायकोच्या हातात असतं. मोबाईलच्या नादावर मी एक भारुड लिहिलं होतं. त्यात सून मोबाईल बघत बसते आणि दूध उतू जातं. मंडळात हशा झाला असता. ती ऐकून म्हणाली, "सासरा काय करायलाय तवा? त्याच्याबी हातात फोनच हाय की." मी दोन दिवस फुगून बसलो. मग नाथांचं विंचवाचं भारुड आठवलं. ते शाळेपासून ऐकतोय, पण एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. त्यात विंचू चावतो तो गाणाऱ्यालाच. दुसऱ्या कोणाला चावला म्हणून नाथ बोंब मारत नाहीत. मी सून काढली आणि सासरा घातला, तोही फ्लेक्सच्या दुकानाचा मालक. लोक जास्त हसले, आणि हसता हसता गप्प झाले ते वेगळं.

हे देवाचं की माझ्याच हावेचं?

उत्तर आल्यासारखं वाटलं की ते पारखायचं. आम्ही तिसऱ्या बोअरचं बोलत होतो तेव्हा भावानं पाणाडी आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, चालत गेला, एका जागी नारळ उभा राहिला. आई हात जोडून म्हणाली, "आईनंच दावलं बाबा." आईची श्रद्धा मला मोडायची नव्हती. पण आपल्या मराठवाड्याच्या बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि दगडाच्या भेगांत साठतं. भेग लागली तर लागली, नाहीतर सातशे फूट जाऊनही धुरळाच वर येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याच्या गावी असतात, तिथे भूवैज्ञानिक असतात. त्यांना विचारणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मला वाटत नाही. ज्यानं पाणी दिलं त्यानंच दगड वाचणारी माणसंही दिली.

पारखायला मी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेतो. गीतेत तिथे ज्ञानाची लक्षणं मोजून सांगितली आहेत आणि ज्ञानेश्वर माउली एकेका लक्षणावर रेंगाळतात. गंमत अशी की त्या यादीची सुरुवात बुद्धीपासून होत नाही. अमानित्व (मानाची हाव नसणं), अदंभित्व (देखावा नसणं), अहिंसा, क्षांती (सहनशीलता), आर्जव (म्हणजे सरळपणा), असा क्रम आहे. मी त्याचे साधे प्रश्न करून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत. या निर्णयानं माझा मान वाढणार असेल तर मी तो मानासाठीच घेतोय का? कोणी बघणार नसेल तरी हेच करीन का? यात कोण दुखावतंय, आणि ते टाळता येतं का? आठ दिवस थांबलो तर उत्तर नासेल का? जे भावाला सांगितलं तेच आणि तसंच बँकेत, बायकोला, आईला सांगता येईल का? शेवटच्या प्रश्नावर माझे निम्मे बेत गळून पडतात.

आम्ही बोअर घेतला नाही. ऊस मोडला, सोयाबीन आणि तूर केली. भाऊ चार महिने माझ्याशी धड बोलला नाही. वर २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. भाव पडला म्हणून निर्णय चुकला असं मी धरत नाही. भाव वाढला असता तर तो बरोबर होता असंही धरलं नसतं. कर्ज झालं नाही, एवढंच मी वहीत लिहिलं.

कलेत कसं आणायचं

चित्र, कविता, रांगोळी, वाकळ शिवणं, कीर्तन, काहीही करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. त्या तिन्ही मला आसपासच्याच माणसांनी शिकवल्या.

गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळण, कांडण, शेण्या वेचणं हे त्यांचं काम आणि हीच त्यांच्या अभंगांची सामग्री. विठ्ठल येतो तोही दळू लागायला. प्रतिभेसाठी त्यांना वेगळा वेळ मिळालेला नव्हता. तेव्हा "मला निवांतपणा मिळाला की लिहीन" हे वाक्य वहीत लिहायला बंदी. जे काम आज हातात आहे त्यातली एक वस्तू निवडा, तिचं नाव, आवाज, वास टिपा आणि तिथूनच सुरुवात करा. माझी बरीच भारुडं फ्लेक्सच्या शाईच्या वासातून निघाली आहेत.

दुसरी गोष्ट हात आवरण्याची. ज्ञानेश्वरी १२९० ची. जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत पाठभेद शिरले होते. एकनाथांनी १५८४ मध्ये त्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढे सिद्धहस्त कवी, पण आपली ओवी त्यात घुसवली नाही, आणि पुढे कोणी घुसवली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल, असं बजावून ठेवलं. करवंटीच ती! काम संपलं की मी एकदा नरोट्या शोधतो: कुठला शब्द, कुठला रंग निव्वळ "मी आहे" हे दाखवायला आलाय? पत्रिकेत सोनेरी फुलं फार झाली की ओळखावं.

तिसरी गोष्ट आमच्या गावचीच. संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा, म्हणजे पाच महाभूतांपासून सृष्टी कशी घडली असा रुक्ष विषय चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला, आकृत्यांसकट. ती पासोडी अंबाजोगाईचं वैभव आहे. डिझाइनच्या धंद्यातला माणूस म्हणून मला तिचं फार कौतुक वाटतं. समजायला जड असलेली गोष्ट लोकांना एका नजरेत दिसावी यासाठी पानाचा आकारच बदलायचा! कलाकाराचं शहाणपण कधी कधी एवढंच असतं की आशयाला कोणतं कापड पुरेल ते ओळखणं. वहीत मावत नसेल तर भिंत घ्या.

उत्तर आलंच नाही तर

बहुतेक वेळा असंच होतं. सात दिवस झाले, प्रश्न तोच, मन कोरडं. मी आणखी सात दिवस देतो, त्याहून जास्त नाही. मग तिघांचं ऐकून, पारखून, जो निर्णय उलटवता येईल तो आधी घेतो. जमीन विकण्याआधी ठोक्यानं देऊन बघावी, नोकरी सोडण्याआधी रजा टाकून बघावी.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझी वही जवळपास कोरी आहे. रोज एकच नोंद सापडते: शेजारच्या आजींना दोन घागरी. तेवढंच सुचत होतं, तेवढं केलं.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेर ठेवा. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, असं कोणाचं होत असेल तर त्याला वही आणि ओव्या हातात देऊन बसवू नका. डॉक्टरकडे न्या. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट आणि मराठीत बोलता येतं. आपल्या भागात हे वेळेवर न झाल्यामुळे किती घरं उजाड झाली ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे.

तो पखवाजवाला पोरगा परवा वही घेऊन दुकानात आला. पहिल्या दिवशी लिहिलंय, "पुण्यात नोकरीला जाऊ का?" सहाव्या दिवशी, "दादांना नाही कसं म्हणू?" दोन्हींच्या मध्ये बरीच खाडाखोड. त्याचं अजून काही ठरलेलं नाही. थापटायला त्यानं मला, त्याच्या आईला आणि मंडळातल्या एका फटकळ म्हाताऱ्याला रविवारी बोलावलंय. म्हाताऱ्यानं आत्ताच विचारून घेतलंय, चहा आहे का नुसतंच बोलायचंय.